आधी दशांश

शाळेच्या हवामान-केंद्राच्या पेटीतला थर्मामीटर एका सकाळी मी काढून माझ्या कोटाच्या खिशात घातला होता. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच. थर्मामीटर मधल्या सुट्टीत मी परत जागेवर ठेवला. फुटला नाही, हरवला नाही. कुणी म्हणेल, एवढंच ना? तर सर नेहमी म्हणायचे, आधी बारीक ते सांगावं, मोठं त्याच्या मागून येतं. म्हणून थर्मामीटरपासून सुरुवात केली.

सर आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे, मी गणित. दिल्लीतल्या त्या शाळेत मराठी मास्तर आम्ही दोघंच, त्यामुळे स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या आपोआप शेजारी आल्या. ते मला ‘अरे’ म्हणायचे, मी त्यांना ‘सर’. मूळचे अकोल्याकडचे, पण उमेदीची सगळी वर्षं दिल्लीत गेलेली. लग्न केलं नाही. मलकागंजमध्ये एका खोलीत राहायचे. बसमध्ये तिकीट मागताना ‘हिंदूराव’ हे थांब्याचं नाव इतक्या आदबीनं घ्यायचे, की जणू काकांच्या घरी निघालेत. मी हसलो की म्हणायचे, “एवढ्या मोठ्या शहरात एक टेकडी आपल्या माणसाच्या नावाची आहे. नीट उच्चारायला काय जातं रे तुझं?”

कुणी सहज म्हटलं, “सर, आज ठंड ज़्यादा है ना?” तर ते हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. “देखकर बताता हूँ,” म्हणायचे आणि खरोखरच उठून बाहेर जायचे. तोवर विचारणारा चहा संपवून वर्गावर गेलेला असायचा. मग सर त्याच्या वर्गाच्या दारात उभे राहून, मुलांसमोर, “है. कल से ज़्यादा है,” असं सांगून यायचे.

बोलताना ते समोरच्याकडे सरळ बघत नसत. मान तिरकी करून, कावळा बघतो तसे, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. नव्या शिक्षकांना वाटायचं म्हातारा गर्विष्ठ आहे. मुलं नक्कल करायची. मलाही ती एक लकबच वाटायची. त्यांच्याजवळ लकबी इतक्या होत्या, की त्यातली एखादी लकब नसून दुसरंच काही असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

संक्रांतीच्या दिवसांत दिल्लीची मराठी मंडळी बस करून पानिपतला जातात. एका वर्षी मी सरांना ओढून नेलं. ‘काला अंब’ या लढाईच्या जागी सगळे स्मारकापाशी हात जोडून उभे, आणि सर बाजूला मोकळ्यावर जाऊन रुमाल टोकाला धरून उभे. मंडळाच्या एक बाई मला म्हणाल्या, “तुमच्या त्या सरांना जरा इकडे बोलवा हो, फोटो काढतायत.” मी गेलो तर म्हणाले, “थांब, वारा बघतोय.” मग रुमाल घडी करून खिशात ठेवत म्हणाले, “किती माणसं गेली ते सगळे सांगतात. त्या दिवशी थंडी किती होती, ते कुणी सांगत नाही. उपाशी माणसाला आधी थंडी मारते रे.” परतीच्या बसमध्ये लोक गाणी म्हणत होते. मी स्वेटरची वरची दोन्ही बटणं लावून बसलो होतो.

करोनानंतर शाळा उघडली तेव्हा मुलं विचित्र झाली होती. एकमेकांशेजारी उभं कसं राहायचं हेच विसरली होती. सर म्हणाले, यांना काहीतरी बाहेरचं काम द्यायला पाहिजे, आणि त्यातून ते हवामान-केंद्र निघालं. एक मुलगा म्हणालाही, “सर, टेम्परेचर तो फोन में आता है.” सर म्हणाले, “वो एयरपोर्ट का आता है. एयरपोर्ट पे रहते हो क्या?”

थर्मामीटरला सावली लागते आणि वाराही लागतो, म्हणून तो आडव्या तिरक्या फळ्यांच्या पेटीत ठेवतात. तयार पेटी मिळते, पण सरांना ती मुलांकडूनच करून घ्यायची होती. माझे वडील केंद्र सरकारात होते. ज्या सरकारी क्वार्टरांत मी वाढलो, ती वसाहत त्याच सुमारास पाडत होते. तिथल्या खिडक्यांना अशाच तिरक्या फळ्यांची लाकडी दारं होती. मी सरांना तिथल्या भंगारवाल्याकडे घेऊन गेलो. सरांनी एकेका दारावरून हात फिरवला. “किती उन्हाळे खाल्लेत यांनी,” म्हणाले. “ही वाकणार नाहीत आता.” त्यातलं एखादं दार आमच्याच घराचं असेल, असं मला वाटून गेलं. मी ते बोललो नाही. तेव्हा मी फारसं काहीच बोलत नसे.

मुलांनी दारं कापली, ठोकली, पांढरी रंगवली. स्वतःही पांढरी झाली. पेटीचं दार उत्तरेला हवं, म्हणजे उघडलं तरी ऊन आत शिरत नाही. आता उत्तर कुठली? फोनमधलं होकायंत्र सरांना चालेना. काठी रोवावी तर मैदानात क्रिकेट. मग सर स्वतःच काठी झाले. हिवाळ्याच्या उन्हात, दुपारभर, हात अंगाला चिकटवून मैदानाच्या कडेला उभे राहिले, आणि मुलं त्यांच्या डोक्याच्या सावलीवर चुन्याचे ठिपके देत बसली. सावली सर्वांत आखूड झाली की उत्तर मिळाली. पी.टी.चे मास्तर येऊन त्यांच्याभोवती एक फेरी मारून गेले. “क्या बात है सर, मूर्ति बन गए?” सर ओठ न हलवता म्हणाले, “माला शाम को लाना. अभी हिलाओ मत.”

पावसाचं माप बाटली कापून केलं होतं. ते एकदा माकडानं पळवलं. नोंद काय करायची, असं मुलांनी विचारलं. सर म्हणाले, “जो हुआ वो. बंदर ले गया.” तसंच लिहिलं गेलं.

थर्मामीटर वाचण्याची त्यांची एक शिस्त होती, ती त्या मुलांपैकी कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. दार उघडायचं, डोळे पाऱ्याच्या रेषेत आणायचे, श्वास रोखायचा, आणि आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश. कारण माणूस जवळ आला की त्याच्या उबेनं पारा हलतो, आणि आधी हलतो तो दशांश. आठाचे नऊ व्हायला वेळ लागतो. आठ पॉइंट चारचे पाच तुमच्या नाकासमोर होतात. दिल्लीत मास्कवर खूश असलेला मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे सर. म्हणायचे, श्वास लागत नाही थर्मामीटरला, छान आहे.

एक मूल वाचायचं, दुसरं लिहायचं. मग सर स्वतः वाकून पेटीत बघायचे आणि म्हणायचे, “बरोबर.” मराठीतच म्हणायचे. पंजाबी, बिहारी, मल्याळी, सगळ्या घरांतल्या मुलांना तो एक मराठी शब्द पाठ झाला होता. चालता चालता एकमेकांच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, “बरोबर.”

माणसांशीही सर तसेच वागायचे. माझे वडील गेले त्या सकाळी ते घरी आले, आणि पहिला प्रश्न विचारला, “दूधवाल्याला जास्तीचं सांगितलंस का? दिवसभर लोक येतील.” मी नाही म्हणालो. ते खाली जाऊन दूध घेऊन आले. मग माझ्याजवळ बसले. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो ते त्या दुधाच्या पिशव्या बघून.

अशा माणसाचं मी काय केलं, ते आता सांगतो.

माझी मुलगी जुई तेव्हा नववीत, आमच्याच शाळेत होती. सकाळचं वाचन ती आणि तिची मैत्रीण सिमरन करायच्या. जुई दिल्लीत जन्मलेली. घरी मराठी, पण निम्मं हिंदी. मी कधी हटकलं नाही, कारण माझीही तीच गत. आणि एका सकाळी ती बाल्कनीत उभी राहून म्हणाली, “बाबा, आज मळभ आहे.” मी हातातला कप खाली ठेवला. हा शब्द मी आजीच्या तोंडी ऐकला होता, त्यानंतर कधीच नाही. ती पुढे म्हणाली, “आणि ते क्लाउडी नाही बरं का. सर म्हणतात, मळभ म्हणजे आभाळ उठतच नाही, बसूनच असतं.” मग गारठा आला, दहिवर आलं, उन्हाळ्यात काहिली आणि तलखी. रोज जेवताना एखादा शब्द आणि “सर म्हणतात”. बायको हसायची. “तुझ्या बाबांना विचार, त्यांना येतात का हे शब्द.”

येत नव्हते.

मला सरांचा राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, बोलून टाकला असता. मला हेवा वाटत होता. माझ्याच घरातली गोष्ट माझ्या मुलीला परका माणूस देत होता, आणि ती मला आणून दाखवत होती. मी दिलेलं तिनं असं कुणाला दाखवलं होतं का, हे मी आठवून पाहायचो. आठवायचं नाही.

सरांची साठी उलटली होती. त्यांना दरवर्षी एकेका वर्षाचं एक्स्टेंशन मिळायचं. मी तोवर को-ऑर्डिनेटर झालो होतो. त्या जानेवारीत प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं. “सर को ठीक से दिखता तो है ना? कोई कह रहा था, कॉपी बिल्कुल आँख से लगाकर जाँचते हैं. बच्चों की ज़िम्मेदारी है. आप तो उनके इतने क़रीब हैं.”

मी म्हणू शकलो असतो, दिसतं. म्हणू शकलो असतो, त्यांनाच विचारा. मी म्हणालो, “देखकर बताता हूँ, मैम.” हे शब्द कुणाचे, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

पेटीला छोटं कुलूप होतं. त्याच्या किल्ल्या दोन: एक सरांकडे, एक माझ्याकडे. आपण कधी आजारी पडलो तर, म्हणून सरांनीच दिलेली. दुसऱ्या दिवशी धुकं होतं. मी लवकर गेलो, पेटी उघडली, खुंटीवरचा थर्मामीटर काढला, खिशात घातला, कुलूप लावलं आणि शेजारच्या प्रयोगशाळेच्या अर्ध्या उघड्या खिडकीत उभा राहिलो. माझ्या मुलीची पाळी आहे हे मला माहीत होतं. ती घरून माझ्याबरोबरच आली होती.

सर आणि दोघी मुली आल्या. सरांनी कुलूप काढलं आणि मागे सरकले. जुईनं दार उघडलं. खुंटी रिकामी. तिनं सिमरनकडे पाहिलं. सिमरननं तिच्याकडे. मला वाटलं, आता ती ओरडेल, सर, थर्मामीटर नाहीये. मग सर दचकतील, किंवा दचकणार नाहीत, आणि जे कळायचं ते कळेल.

मागून सर म्हणाले, “हं. पहले दशांश.”

जुईनं हातमोजा काढला. पेटीत हात घातला आणि तळवा क्षणभर तसाच धरला. श्वास रोखला होता तिनं, खांदे वर गेलेले मला दिसत होते. मग म्हणाली, “पॉइंट चार.” आणि जरा थांबून, “आठ. आठ पॉइंट चार, सर.” खोटंसुद्धा तिनं त्यांच्या शिस्तीनं सांगितलं. सिमरननं लिहून घेतलं.

सर वाकले. मान तिरकी केली. नेहमीपेक्षा थोडे जास्त वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, “बरोबर.”

पहिल्या तासाआधीच मी मॅडमच्या खोलीत होतो. “मैम, थर्मामीटर वहाँ था ही नहीं. उन्होंने फिर भी कहा, बरोबर.” मॅडम “बेचारे,” म्हणाल्या. मी सांगितलेला शब्दन् शब्द खरा होता.

त्या संध्याकाळी जुई जेवली नाही. बायकोला वाटलं परीक्षा. नंतर ती माझ्या शेजारी येऊन बसली. “बाबा, सरांना रेषा दिसत नाहीत. आम्हाला केव्हापासून माहीत आहे. म्हणून आम्ही दोघी वेगवेगळं बघतो, मी आधी, मग सिमरन. मॅच झालं तरच लिहितो. एकदाही चुकलं नाहीये, बाबा. पण आज थर्मामीटरच नव्हता. कुणीतरी काढला होता. मी सरांना फसवलं.”

म्हणजे ज्या वाचनांची मी परीक्षा घेतली, ती सरांच्या डोळ्यांपेक्षाही चोख होती, आणि चोख असण्याचं कारणच त्यांना दिसत नाही हे होतं. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “कुणाला सांगू नकोस.”

तिनं ऐकलं. आजपर्यंत ऐकते आहे. त्यानंतर ती पेटीकडे गेली नाही. पाळी बदलून घेतली, आणि मग सोडलीच.

चारपाच दिवसांनी सर आणि मी मेट्रोपर्यंत चालत निघालो होतो. सर म्हणाले, “ही टोपी कुठे घेतलीस?”

“जनपथला.”

“बरी आहे. कानावर येते.” मग थोडं चालून, “अरे, त्या दिवशी खुंटी रिकामी होती.”

मी चालत राहिलो. थांबलो असतो तर बोलावं लागलं असतं.

“माझ्या डोळ्यांचं मधलं गेलंय,” ते म्हणाले. “सरळ बघितलं की मधोमध डाग. रेषा नाही दिसत, आकडे नाही दिसत. पण कडेचं शाबूत आहे. तिरकं बघितलं की दिसतं. खुंटी दिसली मला. आणि खिडकीत तू दिसलास.”

“मग तुम्ही बरोबर का म्हणालात?”

“पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली. तिच्या बापादेखत तिला खोटी पाडू?”

रस्त्यावर एक ई-रिक्षावाला आम्हाला बसा म्हणत हळूहळू बरोबर येत होता. सरांनी हातानंच नको म्हटलं.

“तिला एकदा सांग, की मला माहीत होतं. नाहीतर ती उगाच समजत राहील, की म्हाताऱ्याला फसवलं. मीच सांगितलं असतं, पण मग तुझं नाव येतं. तू सांग. तुला जेवढं सांगता येईल तेवढं.”

एवढंच. मी तसं का केलं हे त्यांनी विचारलं नाही. एक्स्टेंशनचा शब्द काढला नाही, किल्लीही परत मागितली नाही. तेव्हा मॅडमचा निर्णय झालेला नव्हता. मी दुसऱ्या दिवशी जाऊन म्हणू शकलो असतो, मैम, मी चुकलो, त्यांना कळलं होतं, त्यांनी मुलीला सांभाळून घेतलं. पण मग ती मुलगी कोण, आणि थर्मामीटर कुणी काढला, हेही सांगावं लागलं असतं. मी गेलो नाही. मार्चअखेर सरांना शाल आणि नारळ मिळाला. निरोपाच्या भाषणात, उन्हाळ्यात पेटीचा रंग उडतो तो दरवर्षी द्या, एवढंच ते म्हणाले. जुई त्या दिवशी शाळेत आली नाही. पोटात दुखतं म्हणाली. ती समजते, सर गेले ते तिच्या त्या खोट्यामुळे. कुणालातरी कळलं आणि सरांना घालवलं. हे तिनं मला एकदा बोलूनही दाखवलं. मी म्हणालो, “वेडी आहेस का, रिटायर झाले ते.”

सर आता अकोल्याला भाचीकडे असतात. फोन करतात. आधी, “तिकडं किती आहे आज?” मी सांगतो. त्यांचं सांगतात. टोमॅटो काय भाव, मेट्रोची नवी लाइन सुरू झाली का, असं करत करत मग, “पोर काय म्हणते?” एवढं विचारून ते श्वास रोखतात. फोनवर ते कळतं. मी म्हणतो, मजेत आहे, मुनिरकाला खोली घेऊन राहते, कॉलेज जवळ पडतं. मग ते श्वास सोडतात. म्हणतात, “बरं.” ‘बरोबर’ म्हणत नाहीत.

पेटी अजून आहे. मध्यंतरी रंगाऱ्यांनी उचलून रंगवली आणि परत ठेवताना दार दक्षिणेला करून ठेवलं. गेटवर आता आकडे दाखवणारा बोर्ड लागला आहे, त्यामुळे पेटीकडे कुणाचं लक्ष नसतं. मी माळ्याला सांगून ती फिरवून घेतली. कधी लवकर पोचलो तर कुलूप काढून वाचतो. आधी दशांश.

गेल्या रविवारी जुई घरी आली होती. चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभी राहिली. आभाळ खाली आलेलं, ऊन नाही, वारा नाही. ती म्हणाली, “क्लाउडी आहे आज.” तो शब्द तिला आठवत नव्हता, की तिनं टाळला, हे मला कळलं नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. विचारलं, “खोलीवर थंडी वाजते का?” ती म्हणाली, “नाही, ठीक आहे.” बारीक ते विचारून झालं होतं. ती कप ठेवायला आत गेली.

सरांची नोकरी मी परत देऊ शकत नाही. जुईला मला एवढं सांगायचं आहे: तू सरांना फसवलं नाहीस, त्यांना माहीत होतं, आणि थर्मामीटर मी काढला होता. यातला पहिला भाग सरांचा निरोप आहे, दुसरा माझा. दोन्ही अजून माझ्याकडेच आहेत.